मामंजींचा भोपळा, शुद्ध वाण

ती. ताईस,

धाकटीचा दंडवत. तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला आपापल्या जागी शांत असतील अशी आशा. इकडे सगळे खुशाल, फक्त ह्यांना भोपळा झालाय. (हसू नकोस, आजार परवडला.)

त्याचं असं झालं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून ह्यांनी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि वसंत लागताच बागकामाची हुक्की आली. गुलाबाची छाटणी अशी केली की उरल्या त्या दात कोरायच्या काड्या. वाफे खणताना पाण्याचा पाइप फोडला, म्हणे जमिनीला ओल हवीच होती. मग माळ्यावर मामंजींचा बियांचा डबा सापडला. त्यावर त्यांच्याच अक्षरात 'ठिपक्यांचा भोपळा'. हे वाण आता कुठे मिळत नाही, ते जगवणं आपलं कर्तव्य आहे, असं ह्यांनी जेवताना जाहीर केलं. (मामंजींच्या हयातीत ह्याच माणसाने भोपळ्याच्या फोडी ताटाखाली लपवलेल्या मी पाहिल्यात.)

वेल एकच उगवला, पण थाट राजपुत्राचा. शेजारचे दातांचे डॉक्टर कुंपणापलीकडे बाजारच्या बियाणाचे भोपळे लावतात; तिकडचा पराग इकडे आला की वाण बाटलं! म्हणून संध्याकाळी कळ्यांना माझे पायमोजे बांधायचे आणि सकाळी डोळ्याला भिंग लावून, सुनेच्या गाल रंगवायच्या ब्रशने नराचा पराग मादीला लावायचा. ताई, लग्नाला अडतीस वर्षं झाली, इतक्या हळुवारपणे ह्यांनी माझ्या डोळ्यातलं कुसळसुद्धा काढलं नाही. एवढ्यावर न थांबता हे डॉक्टरांना वेल उपटायला सांगायला गेले. डॉक्टर म्हणाले, "मधमाश्यांना मी काय तोंड बंद करा म्हणून सांगू?" झालं, बोलणं तुटलं. माझी दाढ त्यांच्याकडे अर्धवट कोरलेली होती, ती तशीच राहिली. तेव्हापासून मी एका बाजूने चावते.

काल एकुलतं एक फळ उतरवलं. शेतकी कॉलेजचे प्राध्यापक आले. त्यांनी भोपळा हुंगला, टिचकी मारली, दोन कप चहा घेतला आणि 'दुर्मिळ, शुद्ध वाण' असं शिक्क्यानिशी लिहून दिलं. तो कागद हातात धरून हे म्हणाले, "बाबा असते तर..." आणि चक्क रडले. मला टिंगल करायची होती, पण तोंडच उघडेना.

भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. तोंड का उघडेना, ते सांगते. मामंजी गेल्यावर महिन्याभराने मी तो डबा उघडला होता. आत किड्यांनी नुसतं पीठ केलेलं. हे तेव्हा जेवतही नव्हते, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? भाजीवालीकडून भोपळा आणला, त्याच्या बिया वाळवून डब्यात भरल्या. मामंजींनी एकदा तुलाही मूठभर बिया दिल्या होत्या ना? त्यांचा वेल अजून असेल तर चार खऱ्या बिया लपवून ठेव. मी येऊन घेऊन जाईन आणि गुपचूप बदलीन.

ता. ता. क. वाण दोन ठिकाणी असावं म्हणून निम्म्या बिया घेऊन हे परवा तुझ्याकडे निघताहेत, महिनाभरासाठी. मी अडवलं नाही, मलाही जरा मोकळा श्वास हवाय. फक्त तुझा खरा वेल असेल तर त्याच्याजवळ ह्यांना फिरकू देऊ नकोस. उरलंसुरलं वाण बाटवलं तर हेच बाटवतील.