चार बोटं

प्रिय आप्पा,

प्रिय वगैरे मी तुम्हाला जन्मात कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही लगेच विचारलं असतं, "काय पायजे?" आज काही नको आहे. एक गोष्ट ठरवायची आहे आणि ती ज्याच्याशी भांडून ठरवायची ते माणूस राहिलेलं नाही.

सकाळी शाहूपुरीतल्या शोरूममधून फोन आला. आपल्या मोठ्या पिकअपला गिऱ्हाईक मिळालंय. मोठी द्यायची आणि तिच्या बदल्यात लहान घ्यायची, असं मीच मागच्या महिन्यात तिथल्या विक्रेत्याला सांगून आले होते. उद्या दुपारपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणाला. आईला सांगितलं, तर वैरण टाकता टाकता ती म्हणाली, "आता लहान घिऊन कुणाला न्यायचं हाय?" आणि पुढच्या म्हशीकडं गेली.

म्हणून लिहायला बसले.

आपण दोघं त्या शोरूमला पहिल्यांदा गेलो तो दिवस आठवतो का? तुमची तीनचाकी थकली होती. वाड्यावस्त्यांवरचे दुधाचे कॅन गोळा करून शीतकेंद्रावर पोचवायचे, तर चढाला ती नुसती धापा टाकायची. तुम्ही म्हणत होता लहान पिकअप घेऊ, मी म्हणत होते मोठी. लहानीत सगळे कॅन बसणार नाहीत, दोन खेपा होणार आणि उन्हाळ्यात दुसऱ्या खेपेचं दूध नासणार, हे माझं म्हणणं. तुमचं म्हणणं एकच. आपल्या बोळात मोठी यायची नाही.

त्यासाठी तुम्ही गोठ्यातलं दावं पिशवीत घालून नेसरीपासून कोल्हापूरपर्यंत आणलं होतं! त्या चकचकीत फरशीवर उकिडवे बसलात, आरसे मिटवायला लावून दोन्ही गाड्यांची रुंदी दाव्यानं मोजलीत आणि दोन गाठी मारल्यात. एक लहानीची, एक मोठीची. टाय लावलेला विक्रेता हसत म्हणाला, "पावणं, सगळी मापं कागदावर हायती की." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कागद आमच्या बोळात येनार न्हाय."

तिथली माणसं हसली. मीही हसले असते तर बरं झालं असतं. मी तुमच्या दंडाला धरून म्हणाले, "उठा आता. लाज आणू नका."

तुम्ही उठलात. का उठलात आप्पा? घरी आवाजानं कौलं उडवायचात, मग तिथं एक शब्द का नाही बोललात? दावं गुंडाळताना तुमचे हात किती सावकाश चालले होते, ते मला आता रोज दिसतं.

घरी आल्यावर तुम्ही मला बोळात घेऊन गेलात. मारुतीकाकांच्या दगडी कट्ट्यापाशी, जिथं बोळ आवळतो, तिथं दावं धरलंत. लहानीची गाठ सहज बसली. मोठीची गाठ भिंतीवर चढली. "चार बोटं कमी पडत्यात, सुरे."

"चार बोटांचं काय एवढं!" मी म्हणाले. "कट्ट्याचा एक दगड काढला की झालं. मी सांगते काकांना."

त्यावर मात्र तुम्ही भडकलात. "तोंड उगडायचं न्हाय त्येच्याकडं. मानसं बसत्यात तितं. आपल्या गाडीपायी दुसऱ्याचा कट्टा फोडायचा न्हाय." माणसं कसली, रोज तिन्हीसांजेला तिथं तुम्हीच बसायचात.

आणि दुधाच्या खेपांचं मी सांगितलं ते अर्धंच खरं होतं. उरलेलं आज सांगते. तीनचाकीवर बाई बसलेली बघून मागचे मुद्दाम हॉर्न मारायचे, घासून गाडी काढायचे. उंच केबिनमध्ये बसले की तेच लोक वाट देतील, एवढंच मला हवं होतं. सासरहून मी कायमची परत आले, तेव्हा तुम्ही काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तीनचाकीची किल्ली हातात दिलीत आणि म्हणालात, "लायसन काढ." ज्या माणसानं मला गाडी शिकवली, त्यालाच मी चार माणसांत लाज आणू नका म्हणाले.

माझ्या हट्टापुढं तुमचं चाललं नाही. मोठी आली आणि दूध संस्थेसमोर रस्त्याला उभी राहायला लागली. तिथून आपलं दार दीडशे पावलं. पेंडीची पोती तुम्ही खांद्यावर घेऊन यायचात. "मी म्हटलं हुतं" असं एकदासुद्धा बोलला नाहीत. एकदा तरी म्हणायचं होतं की. मला राग आला असता, मी भांडले असते, पण ते ऐकलेलं तरी असतं माझ्याजवळ.

त्या सकाळी धारा काढून झाल्या होत्या. तुम्ही गव्हाणीला टेकून खाली बसलात, सदरा घामानं भिजून अंगाला चिकटलेला. आईनं हाक मारली तशी मी रस्त्याकडं पळाले. आणि आप्पा, मी काय केलं? गाडी तिथंच चालू करून ठेवली असती आणि तुम्हाला उचलून आणलं असतं, तर दीडशे पावलंच होती. पण मला वाटलं, चार बोटंच तर आहेत, बसेल. मी गाडी बोळात घातली.

कट्ट्यापाशी ती अडकली. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला दगड. दार उघडेना. मारुतीकाका आणि शेजारची दोघं तुम्हाला घोंगड्यात घालून घेऊन आले, तर पुढं बोळ बंद. माझ्याच गाडीनं बंद! संस्थेतली माणसं धावली. रेटून, दगडावर पत्रा खरवडत गाडी मागं निघेपर्यंत तुम्हाला कट्ट्यावर ठेवलं होतं. तुमच्या रोजच्या जागेवर. तुम्ही काचेतून माझ्याकडं बघत होता. काय सांगायचं होतं? गाडी कशी काढायची ते? की नुसतंच बघत होता?

गडहिंग्लजला पोचलो तेव्हा डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. मी विचारलं, थोडं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही, ताई." नाही म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते. हो म्हणाले असते तरी चाललं असतं. हे "सांगता येत नाही" घेऊन मी रोज कॅन चढवते आणि उतरवते.

रक्षाविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बोळातून पहारीचा आवाज आला. मारुतीकाका एकटेच कट्टा फोडत होते. मी म्हणाले, "काका, ऱ्हाऊ दे की आता." ते थांबले नाहीत. "आदीच फोडाय पायजे हुता, पोरी. तुझ्या बानं एका शब्दानं सांगितलं असतं, तर…" तुम्हीच मला त्यांच्याकडं बोलू दिलं नव्हतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. खरं सांगू? दोष वाटून घ्यायला कोणीतरी आहे, याचं मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. किती हलकी झाले मी, बघा.

तेव्हापासून ते आपल्या दारासमोरून जाताना मान खाली घालून जातात. तिन्हीसांजेला बोळात कोणी बसत नाही.

काल दावं खुंटीवरून काढलं आणि तिथं जाऊन मोजलं. तुमच्या दोन्ही गाठी तशाच आहेत. मोठीची गाठ भिंतीला लावली, तर पलीकडं हातभर जागा उरली. आता लहान आणली काय, मोठी आणली काय, कुठलीही थेट गोठ्यापर्यंत येते. आई दारातून बघत होती. म्हणाली, "माज्यासाठी मोजत असशील तर नगं. मी कुटं निघालोय?"

शोरूमला मी नाही कळवते आहे. आता लहान घेतली तर लोक म्हणतील, पोरीला अक्कल आली. ती कुणाला दाखवू? खरवडलेला पत्राही मी दुरुस्त केलेला नाही. हीच गाडी चालवीन. माणसं वाट देतात, आप्पा. मला हवं होतं ते मिळालं.

एक शब्द देते. उद्या सकाळी काकांच्या घरी जाऊन सांगेन, की आप्पांनीच मला तुम्हाला विचारू दिलं नव्हतं, आणि गाडी आत घातली ती मी. त्यांची मान वर होईल की नाही, माहीत नाही. माझी होणार नाही. आणि कट्टा फुटला असला तरी ही गाडी मी तुमच्या दारात आणणार नाही. संस्थेसमोर लावीन आणि पोती खांद्यावर घेऊन दीडशे पावलं चालत येईन. आता घाई कशाचीच नाही.

तुमची,
सुरेखा