खोलीचं बहुमत

४ ऑगस्ट, सकाळ
आजपासून नवा मी. पहाटे जिम, साखर बंद, दाढी वाढवायची. हे सगळं माझं मी ठरवलं. डंबेलही नेमकं हेच करतो, हा निव्वळ योगायोग. (डंबेल म्हणजे हॉस्टेलच्या खोलीतला, डावीकडच्या कॉटवरचा. उजवीकडे आजोबा. वय चोवीस, पण एकाच वर्गात तिसरं वर्ष, त्यामुळे अनुभव दांडगा.)

५ ऑगस्ट
जिमला गेलो. हात वर होत नाहीत. शर्ट डंबेलने घालून दिला. साखरेचं उद्यापासून बघू.

९ ऑगस्ट
प्रॅक्टिकलला वर्गातली एक मुलगी आणि मी, दोघांत एकच मायक्रोस्कोप, म्हणून तिला पार्टनर म्हणतो. आज तिनेच विचारलं, संध्याकाळी तळ्याकडे फिरायला येतोस का. गेलो. मी पहिल्याच दिवशी स्लाइड फोडली होती, ते आठवून ती अजून हसते. मीही हसलो. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. परत आल्यावर खोलीत सांगितलं. सांगायला नको होतं.

१० ऑगस्ट
खोलीत नियम झाला. पार्टनरचा मेसेज आला की फोन मधल्या स्टुलावर ठेवायचा. उत्तर तिघांनी मिळून ठरवायचं, हात वर करून. आजोबांचं म्हणणं, लगेच उत्तर देणाऱ्या मुलाला कुणी भाव देत नाही. आजोबांना आजवर एकाही मुलीचा मेसेज आलेला नाही, त्यामुळे ते निःपक्षपाती आहेत. तिने काल रात्री विचारलं होतं, नीट पोचलास ना? 'हो' असं आज दुपारी पाठवायचं ठरलं.

१८ ऑगस्ट
तळ्याकडे जाणं बंद. डंबेल म्हणतो, रोज चालायला रिटायर झालेली माणसं जातात. पार्टनरला म्हटलं, संध्याकाळचीही जिम लावलीय. ती 'बरं' म्हणाली. तिने 'बरं' म्हटलं की त्या दिवशी मला जेवण जात नाही. प्रोटीन पावडरीने होत असेल.

संध्याकाळची जिम लावलेली नाही. कॉटवर पडून होतो.

२६ ऑगस्ट
पार्टनरचा मेसेज. बाबांचं गुरुवारी ऑपरेशन आहे, आई आणि मी दोघीच आहोत, थोडा वेळ येऊन बसशील का? मी 'हो' टाइप करतोय तोवर आजोबांनी फोन उचलून स्टुलावर ठेवला. म्हणाले, आत्ताच घरच्यांसमोर उभा राहिलास की संपलास. डंबेल म्हणाला, गुरुवारी माझी स्पर्धा आहे, मित्र म्हणवतोस ना? दोन विरुद्ध एक. 'बघतो, बिझी आहे' असं गेलं. बहुमतापुढे कुणाचं काय चालतं? माझा नाइलाज होता.

नाइलाज होता, हे आज तिसऱ्यांदा स्वतःला सांगतोय.

२८ ऑगस्ट, गुरुवार
डंबेल पहिल्याच फेरीत बाद. तरी तिघांनी दंड फुगवून फोटो काढला आणि त्याने तो लगेच माझ्या फोनवरून, सगळ्यांना दिसेल असा माझ्याच स्टेटसला टाकला. त्यात मी दात काढून हसतोय. फोटो पाहिलेल्यांत पार्टनरचं नाव आहे. तिने काही लिहिलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माझी लाज वाटते. खोलीत बोललो नाही.

३० ऑगस्ट
कुणालाही न विचारता हॉस्पिटलला गेलो. (दोघे झोपले होते.) तिचे बाबा उशीला टेकून पेपर वाचत होते. म्हणाले, या, या, तुमचं नाव ऐकलंय, तुम्ही फार बिझी असता म्हणे. टोमणा असता तर झेलला असता. पण त्यांनी खरंच आभार मानले, एवढ्यातूनही वेळ काढलात म्हणून. आईंनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. सांगत होत्या, त्या दिवशी मी कागदपत्रांसाठी खाली-वर करत होते आणि पोरगी बाहेर बाकावर एकटी. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पार्टनर लिफ्टपर्यंत सोडायला आली. सोमवारी प्रॅक्टिकल झाल्यावर बोलू, एवढंच म्हणाली.

३१ ऑगस्ट
ठाम निर्णय. उद्या फक्त माझ्या मनातलं बोलायचं. यापुढे कुणाचा सल्ला नाही. डंबेलला सांगितलं, तो म्हणाला चालेल. आजोबांनीही हरकत घेतली नाही. दोघांची परवानगी मिळाल्यावर फार मोकळं वाटलं.

१ सप्टेंबर, सोमवार
प्रॅक्टिकल संपलं. बाकीची मुलं गेली. सर टेबलाशी वह्या तपासत होते. पार्टनरने मायक्रोस्कोपवर कव्हर घातलं आणि सरळ विषयाला हात घातला. म्हणाली, समोर असतोस तो तू वेगळा, फोनवर असतोस तो वेगळा. फोनवरच्याची मी आता वाट बघणार नाही. पण समोरच्याची गुरुवारी बघत होते, लिफ्टचं दार उघडलं की तोच असेल असं वाटायचं. मग म्हणाली, बाकी काही नको, तुला स्वतःला काय हवंय तेवढं सांग.

उत्तर तोंडपाठ होतं. चुकलो, मला तू हवी आहेस. सकाळपासून आरशासमोर म्हणत होतो. घसा साफ केला. ती थांबली होती. घाई करत नव्हती.

मी म्हणालो, विचारून सांगतो.

ती बॅग उचलून सरांकडे गेली आणि पार्टनर बदलून मागितला. सरांनी तिथल्या तिथे दिला. त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.