पुलाखालचा कोपरा

४ फेब्रुवारी

जिंकलो! तळ्यावर विषारी फवारणी होणार नाही. नगरपालिकेने माघार घेतली. जलपर्णी आम्ही हातांनी उपटणार. सभेत गळा बसेपर्यंत बोललो – टाळ्या थांबेनात.

घरी धाकट्या बहिणीने पकडलं. "दादा, बोललास झकास. आता माझं ऐक. पुलाखालच्या कोपऱ्याला हात लावू नका." नगरपालिकेत तळ्याचं काम तिच्याकडे. त्या कोपऱ्यात तिने भुंगे सोडलेत – फक्त जलपर्णी खाणारे. सावकाश काम. आता कुठे जम बसतोय, म्हणे. बांबू बांधून तेवढा भाग अडवलाय.

"शत्रूला कोपरा राखून द्यायचा?" मी.

"शत्रू तुझ्या भाषणात असतात. तळ्यात झाडं असतात."

आई हसली. मीही हसलो. शब्द दिला.

१८ फेब्रुवारी

पाणी दिसलं! कित्येक वर्षांनी. म्हातारी माणसं काठावर वाकून आपली तोंडं बघत होती.

राहिला तो कोपरा. काठावर ही गर्दी, फोटोवाला आलेला. कुणीतरी ओरडलं, "साहेब, हा हिरवा डाग कशाला ठेवलाय?"

"अर्धा विजय म्हणजे विजय नव्हे!" – तोंडातून निघून गेलं. तेवढं पुरलं. लोक बांबू उखडून आत घुसले. एका हाकेत थांबले असते. हाक मारली नाही. फार देखणं दिसत होतं सगळं. उपटलेलं सगळं काठावर वाळत टाकलं, भुंग्यांसकट.

१९ फेब्रुवारी

"लोक ऐकेनात," असं धाकटीला सांगितलं. तिने विश्वास ठेवला.

२७ एप्रिल

न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. "साहेब, तुमचं तळं तुमच्या दाढीच्या वळणावर गेलंय. गुळगुळीत केलं की जोमाने येतंय!" अख्खं दुकान हसलं. साबणाच्या तोंडाने मीही.

तिथून थेट तळ्यावर. खरंच! तळाच्या चिखलात पडून राहिलेलं बी ऊन लागताच उगवलं. या काठापासून त्या काठापर्यंत. पानं कोवळी, तुकतुकीत – एकावरही कुरतडल्याची खूण नाही. कोण कुरतडणार?

घरी येऊन कपाट धुंडाळलं. राज्यक्रांत्यांवर अख्खी फळी आहे. पाण्यातल्या झाडांवर एक पान नाही.

१२ मे

उद्या सभागृहात चौकशी. प्रश्न एकच – राखलेला कोपरा कुणाच्या सांगण्यावरून काढला? तो राखायची जबाबदारी धाकटीची, म्हणून तिच्या नोकरीवर बेतलंय. रस्त्यात तिला 'भुंगेबाई' म्हणून चिडवतात. उभं राहायचं, 'माझ्या' म्हणायचं, खाली बसायचं. एवढंच.

१३ मे

उभा राहिलो. "मित्रहो" म्हणालो – समोरचे चेहरे उजळले. तिथेच घात झाला. कबुली द्यायला उघडलेलं तोंड प्रशासनाच्या हलगर्जीपणावर घसरलं. वाक्यावर वाक्य येत गेलं. शेवटी टाळ्या!

आईनेही वाजवल्या. तिला बिचारीला काय माहीत. तिच्या शेजारी धाकटी, हात मांडीवर ठेवून बसलेली. प्रशासन म्हणजे तिथे तीच होती.

थू!

१४ मे

धाकटीने नेहमीसारखं वाढलं. "अजून घे ना, दादा." भांडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी भाजी घ्यायला गेलो तर भाजीवाली म्हणाली, "काय बोललात काल! अंगावर काटा आला." पिशवी तिथेच विसरून आलो.

१६ मे

धाकटी घरीच. काल नगराध्यक्षांना सांगून आली – कोपरा तिच्याच चुकीच्या सूचनेने गेला. नोकरी गेली.

"वेड लागलंय का तुला? मी आत्ता जातो, खरं सांगतो!"

"बस खाली. लोकांनी काय केलं, कुणाच्या शब्दावर केलं, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. नोकरी असो-नसो, दुसऱ्या तळ्यावरून भुंगे आणायचेत, दादा. राखायला माणसं लागतील, ती तुझ्याच हाकेला येतात. तू खोटा ठरलास तर मी कुणाला बोलावू?"