उपाशी कोंबडा आणि तुमचा डबा

पिंपळगाव राजा,
शनिवार, संध्याकाळ

ती. स्व. नारायणराव भाऊजी यांना ज्ञानेश्वरचा वाकून नमस्कार.

आक्काचा गुडघा आता जिना चढू देतो का आणि तुमच्या संत्र्याचा बहार टिकला का, ते कळवावे. इकडे सगळे खुशाल. सोजरा तर इतकी खुशाल आहे, की पुन्हा माझ्या चुका काढायला लागली आहे, आणि याचे श्रेय तुमचे. फोनच केला असता. पण फोनवर तुम्ही आधी हसता आणि मग ऐकता.

गेल्या वर्षी सोजराचे ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी ताकदीचे खाऊ घाला म्हटले, आणि तुम्ही सलग सहा रविवार संग्रामपूरहून मोटारसायकलवर गावरान कोंबड्याच्या रश्श्याचा डबा आणलात. (मी त्यातला थेंबही चाखला नाही असे तेव्हा म्हणालो होतो. ते खरे नव्हते.) त्या सहा डब्यांनी सोजरा उठून बसली, भाऊजी. तोंडावर हे मला कधी बोलता आले नाही, म्हणून इथे लिहितो. शेवटच्या खेपेला डबा इथेच राहिला, आणि वर खोक्यात दहा पिल्ले ठेवून तुम्ही म्हणालात, "दोन कामाची जात हाये. कोंबडी अंडे देते, कोंबडा ताटात येते. पन ध्यानात ठेव, ज्यानं दाने टाकले, सुरी त्यानंच धरा लागते."

आता डब्याचे. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हा आईचा (म्हणजे तुमच्या सासूबाईंचा) नियम तुम्हाला ठाऊकच आहे. आक्काचे तीन निरोप येऊन गेले, की माझा चार पुडांचा डबा कुठे आहे. मूठभर साखर घालून पाठवला असता तरी नियम पाळला गेला असता. पण मी मनाशी ठरवले, की रश्श्याचा डबा रश्श्यानेच भरून जाईल आणि कोंबडा आपल्या हातचा असेल. त्याहून कमी काही पाठवायला मला लाज वाटते.

दहातले सहा कोंबडे निघाले. त्यातला तांबडा सगळ्यात दांडगा, म्हणून त्याला नेमला. गेल्या रविवारी सुरीला धार लावायला बसलो, तर तो आवाज ऐकून पळायचे सोडून जवळ आला (वांग्याच्या वाफ्यात मी खुरपे घासले, की पाठोपाठ त्याला अळ्या मिळतात, त्याची समजूत तशीच झालेली) आणि माझ्या मांडीला टेकून उभा राहिला. त्या सुरीने मी दोन किलो वांगी चिरली. भाजी आम्ही तीन दिवस खाल्ली.

या खेपेला म्हटले, रीतीने जाऊ. कापायच्या आधी कोंबड्याला उपाशी ठेवतात, पोट रिकामे असले की साफ करायला सोपे जाते. म्हणून आज सकाळी तांबड्याला टोपल्याखाली झाकले आणि आईला सांगितले, की आज याचा उपास आहे, काही टाकू नको. चूक एवढीच. आज शनिवार, आणि आईचाही उपास. दुपारी पाहतो तर टोपले बाजूला, आणि आई आपल्या ताटातला साबुदाणा त्याला भरवते आहे. मी ओरडलो तर म्हणाली, "काऊन? उपासाले साबुदाना चालते ना बे?" मग मी खरे कारण सांगितले. त्यावर ती म्हणाली, "शनिवार धरनाऱ्या जिवाले कापतं तू? मारोती पाहून राह्यला." सोजरा एवढी हसली, की पोट धरून ओट्यावर बसली. भाऊजी, वर्षापूर्वी तिला नुसते खोकताना रडू यायचे. त्यामुळे कोंबड्याचा रागही धड करता येईना.

आक्काला सांगा, डबा लवकरच येत आहे. लहानांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
ज्ञानेश्वर

ता. क. शेजारचे शेषराव उद्या सकाळी तुमच्या गावी बैल पाहायला निघाले आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो. पत्राचे खरे कारण असे, की तुम्हीच सुरी घेऊन या. दाणे मी टाकले, पण सुरी माझ्याने धरवत नाही. आक्काला हे कळू देऊ नका.

आणखी ता. क. (रविवार, सकाळ) येऊ नका. मी झोपेत असताना आईने शेषरावांना हाक मारून त्यांच्या हाती सुरी दिली आणि तांबड्याचे पाय स्वतः धरले. उठल्यावर मी मारोतीची आठवण करून दिली, तर म्हणाली, "उपास शनिवारचा व्हता. आज इतवार हाये." पिसे मात्र मीच काढली (मध्ये दोनदा बाहेर जाऊन आलो). मसाला सोजराने वाटला, चुलीपुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच होती, आणि पहिली वाटी तिनेच प्यायली. हे पत्र वरच्या पुडात आहे, खालचे तीन भरलेले आहेत.

शेवटचे. आईने तुमच्यासाठी मुद्दाम लिहायला सांगितले आहे: "जवाईबुवा, डबा धुऊन ठेवा. पन रिकामा पाठवू नोका."