बसऱ्याच्या म्हणी

आबा, परवा आपल्या भरे गावी गेले होते. आपल्या खाचरात आता कुणी लावणी करत नाही, बांध तेवढा राहिला आहे. त्यावर उभी राहिले आणि तुमचा आवाज इतका स्पष्ट आठवला की मला रडूच आलं.

दुसऱ्या महायुद्धात तुम्ही इराकात, बसऱ्याला, पलटणीच्या भटारखान्यात होतात. तिथून आणलंत काय, तर डोकंभर अरबी म्हणी आणि साहेबांकडून उचललेलं मोडकंतोडकं इंग्रजी. मी पौडच्या हायस्कुलात इंग्रजी शिकायला लागले आणि तुम्हाला चेवच आला. लावणी बायकांची, तुम्ही मात्र माझ्या शेजारी ओणवे. इरल्याखालून एक अरबी म्हण टाकायची, मग तिचा अर्थ सांगायचा, आणि मागं सरकत बांधाला टेकेपर्यंत मी तिच्या जोडीची इंग्रजी म्हण शोधायची. मी उंट कधी पाहिला नव्हता, म्हणून तुमच्या अर्थात उंटाच्या जागी बैल यायचा. हरले तर रोपांच्या पुढच्या मुठी मीच वाहायच्या. जोडी जुळली की तुम्ही चिखलातच ताठ उभे राहायचात.

"बघ, तितली मानसं बी आपल्यावानीच हायेत!"

"आन् ही लावणी कोन करनार, तुमचा अरब?" आई पलीकडून ओरडायची.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी भादव्यात तुम्हाला ताप भरला तो उतरेचना. दुपारी ओसरीवर पडल्या पडल्या तुम्ही माझ्याकडं बघून अरबीत काहीतरी बोललात. पूर्वी कधी न ऐकलेलं. म्हण होती की आणखी काही, कोण जाणे. मी नेहमीसारखी अर्थाची वाट बघत बसले आहे, तुम्ही डोळे मिटून घेतले आहेत, आणि आई मला हलवते आहे, "काय म्हनले गं? मला काय म्हनले का?"

पुढं तिनं ते जन्मभर विचारलं. चुलीपुढं, खळ्यावर, माझ्या लग्नात अगदी कानाशी येऊन. मला खरंच ठाऊक नव्हतं. तुमचा रागही यायचा, आबा. अर्थ आधी सांगायला काय झालं होतं?

आई गेली. त्यानंतर आमच्या शेजारी मस्कतला बरीच वर्षं राहिलेले एक गृहस्थ राहायला आले. तुमचं ते बोलणं मला अजून तोंडपाठ आहे, ते एका मिनिटात उलगडून सांगतील. रोज जिन्यात भेटतात. मी पावसापाण्याचं बोलते आणि वर येते. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. विचारलं की अर्थ कळेल, आणि मग तुमच्याकडून ऐकायचं काहीच उरणार नाही.