आयुष्य वाढलेल्या माणसाची बायको

पिंप्राळा, जळगाव

प्रिय शिल्पा,

धुळ्याला ऊन कसं आहे? इथे तर दुपारी रस्ताच पाण्यासारखा हलतो. मी खिडकीशी बसून बघत राहते. हे दुकानातून जेवायला येतात, तर त्या थरथरत्या उन्हातून आधी पांढरा शर्ट दिसतो, मग स्कूटर, मग माणूस. रोज वाटतं, आज शर्ट येईल आणि आत माणूसच नसेल.

सासूबाईंना सांगितलं तर हसतात. ‘त्यानं आयुष्य वाढनं, तू काब्रं रडस?’ मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणे. गल्लीत पेढेसुद्धा वाटून झाले. नवरा परत आलेल्या बाईने रडायचं म्हणजे लोकांना नावं ठेवायला आयतं कारण.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, लिहिल्याशिवाय मला खरं वाटत नाही. पारोळ्याजवळ ती काळीपिवळी उलटली, त्यात आमचे हे, समाधान पाटील, आणि तुझेही समाधान पाटील. खानदेशात दगड मारला तर एखाद्या समाधान पाटलालाच लागतो, हे धुळ्याच्या दवाखान्याला ठाऊक नसावं? वडिलांचं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, सरळ फोन फिरवले. तुला सांगितलं, जिवंत आहेत. मला सांगितलं, गेले. आमच्या चुलतसासू मुलखाच्या घाईच्या. प्रेत घरी यायच्या आधीच त्यांनी उंबऱ्यावर माझे हात ठेवून बांगड्या फोडल्या. संध्याकाळी दिरांनी तिकडे चेहऱ्यावरचं कापड उचललं तेव्हा चूक उघडी पडली. मग कासाराला बोलावून हिरवा चुडा भरला. चुडा भरला, पण मी त्या उंबऱ्यावरच राहिले गं.

तेव्हापासून सगळं झोपेत चालल्यासारखं. यांना वाढते, तर कुणाच्या नावाने पान वाढतेय असं वाटतं. हे बोलतात, तर जुनं काही आठवतंय असं वाटतं. परवा म्हणाले, अगं, हात लावून बघ. लावला. ऊबदार होता, तरी मन मानेना. मनाच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहून दिलंय, गोळ्याही चालू आहेत.

आमच्या वकीलबाई कनीज म्हणतात, ग्राहक आयोगात दावा लावू. मनाला झालेली इजाही इजाच. त्यांच्या नोटिशीला दवाखान्याचं उत्तर आलं: पेशंट ठणठणीत घरी गेला, बाईंचं नुकसान काय? वाचून अंगाची लाही लाही झाली. आणि लगेच तू आठवलीस, मग रागावताही येईना.

तेराव्यानंतर तू आमच्या दारात आली होतीस. दवाखान्यात ज्यांच्या खोलीच्या काचेबाहेर दिवसभर उभी होते, त्यांना एकदा बघायचंय म्हणालीस. बँडेजातला माणूस आपला समजून तू पद्मालयाच्या गणपतीला नवस बोललीस, माहेरी फोन करून सगळ्यांना धीर दिलास, आणि संध्याकाळी तुला बाजूला घेऊन सांगितलं. चहा होईपर्यंत तू यांच्याकडे नीट बघितलंस, आणि निघताना म्हणालीस, दाढी वाढवू नका भाऊ, चेहरा दिसला पाहिजे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तुझा माणूस खरोखर गेला, माझा समोर बसून जेवतोय. तुझ्यादेखत मी कोणत्या तोंडाने म्हणू की मला इजा झाली? तू नको म्हणालीस तर दावा लावणार नाही, मनात अढीही धरणार नाही. पण वकीलबाईंना मी विचारलंय. अपघात दवाखान्याने केला नाही, त्याचं काही मागता येणार नाही. पण जिवंत नवरा हातात देऊन संध्याकाळी काढून घेतला, तो त्यांनीच. तो दावा तुझाही आहे. येशील माझ्याबरोबर? मी एकटी गेले तर विचारतील, हिचं काय गेलं. त्या दिवशी तुझ्या नवऱ्यासाठी ऊर बडवून रडणारी मी होते, आणि माझ्या नवऱ्यासाठी देवापुढे पदर पसरणारी तू. आपण दोघींनी मिळून नाही सांगितलं, तर हे कुणाला कळणार, शिल्पा?

तुझीच,
मोहिनी