लांडग्याची वेणीफणी

मंगळवार, संध्याकाळ. नळाला पाणी येऊन आठ दिवस झाले.

जमलं! सगळा लांडगा स्वच्छ, आणि अर्धी बादली अजून शिल्लक!

उद्या मॉलमध्ये हा मी शिवलेला लांडग्याचा केसाळ पोशाख घालून मुलांसमोर नाचायचंय. सकाळी बघते तर घामाचा वास आणि शेपटीचा नुसता गुंता. शेपूट बादलीत बुडवणार, तेवढ्यात देवगावहून न कळवता आलेले अण्णा दारातूनच ओरडले, "भिजवू नको! गुंता वल्ला झाला की आवळतो. आधी कोरडाच सोडव."

त्यांच्यापासून वर्षभर हे सोंग लपवलं होतं मी. उभा जन्म मेंढ्या राखलेला माणूस, किती कोकरं नेली लांडग्यानं त्यांची! आणि लेकीनं लांडगाच शिवावा?

पण तेच फणी घेऊन बसले. एकेक गाठ बोटानं सोडवली. मग ओल्या फडक्यानं पुसून सगळं सावलीत टांगलं. वास गेला. शेपूट तर अशी फुलली!

"जन्मभर याला हाकललं, आन आज याचीच वेणीफणी," अण्णा हसले. मग शेपूट हातात धरून बघत राहिले.

"बारीक केलीस गं. खऱ्याची लई झुपकेदार असती. पुढच्या खेपेला आपल्या मेंढ्यांची लोकर आणतो."